लाल डबाच का? लेगोची एसटी, तिचा रंग आणि ती निळी पिन: काही महिन्यांच्या वापरानंतर

भाच्यानं मी बांधलेली एसटी गॅलरीतून स्वयंपाकघरापर्यंत रेटत नेली आणि पुढचं डावं चाक आडवं झालं. गाडी पूर्ण उघडल्याशिवाय ते परत बसणार नव्हतं. उघडलीच आहे तर लिहूनही टाकावं, म्हणून हा अनुभव. स्टड म्हणजे विटेवरचा गोल उंचवटा, आणि टेक्निक म्हणजे भोकांच्या पट्ट्या, दांडे आणि पिना जोडून हलती यंत्रं बांधायचं लेगो, एवढं लक्षात असू द्या. मला बोलायचंय ते फक्त रंगाबद्दल. खरं तर एका निळ्या पिनेबद्दल, पण तिच्याकडे येतो.

मला बांधायची होती एशियाड, म्हणजे एसटीची निमआराम गाडी. हिरवी-पांढरी. लहानपणी आम्ही गावी जायचो लाल डब्यातून, आणि स्टँडवर शेजारी एशियाड लागली की मी आईकडे हट्ट धरायचो. तिकीट जास्त, म्हणून तो कधी पुरा झाला नाही. आता स्वतः कमावतो, तर निदान कपाटावर तरी एशियाड उभी करू म्हटलं. उभा राहिला लाल डबाच, आणि कारण तेच. पैसे.

झालं असं की लेगोत नुसता तुकडा ही वस्तूच नसते. तुकडा अधिक रंग अशी जोडी असते. प्रत्येक जोडीला कंपनीचा वेगळा क्रमांक असतो आणि एखाद्या सेटला ती लागली तरच ती साच्यातून बाहेर पडते. साधी २ बाय ४ ची वीट जवळपास हव्या त्या रंगात मिळेल. पण गाडी नुसत्या साध्या विटांची होत नाही. चाकावरच्या कमानी लागतात, नाकाला वळणदार उतार लागतात, खिडक्यांच्या चौकटी लागतात, वीट आडवी बसवायला ब्रॅकेट लागतात, दाराला बिजागरी लागते. या सगळ्यांत एक तुकडा जरी तुमच्या रंगात नसला तरी गाडी अडते. म्हणून बांधणारा माणूस रंग आवडीनं निवडतो हा लोकांचा गोड गैरसमज आहे. आधी कमान कुठल्या रंगात स्वस्त मिळते ते बघायचं, मग तोच रंग आपल्याला लहानपणापासून आवडत होता असं घरच्यांना सांगायचं.

लाल, पिवळा, निळा, पांढरा हे रंग १९५० च्या दशकापासून चालत आलेत. इतकी वर्षं इतक्या सेटांतून तुकडे निघाले की या रंगांत आडवातिडवा कुठलाही पार्ट सापडतो, आणि सेकंडहँडमध्ये तर ढिगानं. उलट २००३-०४ च्या सुमाराला कंपनी आर्थिक अडचणीत आली तेव्हा सुट्या भागांची यादी जवळजवळ निम्म्यावर आणली गेली आणि बरेच रंगही गेले. ज्या रंगाचा मोठा सेट आला नाही, त्या रंगाची गाडी बांधणारा तेव्हापासून भटकतोय. मोठा सेट आला की मात्र चित्र पालटतं. २०१६ ची टेक्निकची पोर्शे ९११ जीटी३ आरएस नारिंगी होती, २७०४ तुकडे. २०१८ ची बुगाटी शिरॉन निळी, ३५९९. २०२० ची लँबोर्गिनी सियान पोपटी, ३६९६. एकच सेट मोडून दुसरी गाडी बांधायची तर ती त्याच रंगाची होणार, त्याला काय करणार! कुणाच्या कपाटात नारिंगी ट्रॅक्टर दिसला तर त्याची नारिंगीवर श्रद्धा आहे असं समजू नका. पोर्शे मोडलीय.

तर एशियाड. लेगोचा साधा हिरवा एशियाडपेक्षा भडक आणि गडद हिरवा जास्तच काळपट. तरी साध्यावर तडजोड केली होती. यादी घेऊन ब्रिकलिंकवर बसलो. २००० साली एका छंदिष्टानं सुरू केलेला हा सुट्या तुकड्यांचा बाजार २०१९ पासून लेगोच्याच मालकीचा आहे. तिथे एक दुकान नसतं, जगभरची हजारो छोटी दुकानं असतात आणि प्रत्येकाचं टपाल वेगळं. हिरव्या कमानी एकाकडे दोन, दुसऱ्याकडे एक. चौकटी तिसऱ्याच देशात. त्यात खेळण्यांवरची आयात ड्युटी २०२० मध्ये २० टक्क्यांवरून ६० वर गेली आणि २०२३ मध्ये ७० वर. कमानीपेक्षा कमानीचा प्रवास महाग. लालमध्ये हेच सगळं अर्धं माझ्या जुन्या विटांच्या डब्यात होतं आणि उरलेलं इथल्याच एका विक्रेत्याकडे. कॅल्क्युलेटर बंद केला आणि लाल घेतला.

त्या विक्रेत्याशी झालेलं भांडणही रंगावरूनच. बंपर आणि चेसिससाठी फिकट करडे तुकडे मागवले होते. आले ते दोन जातींचे: काही किंचित निळसर, काही किंचित हिरवट-पिवळसर. बंपरवर शेजारी शेजारी लावले की एका अंगाला धुतलेली आणि एका अंगाला न धुतलेली गाडी दिसावी तसं. याचं कारण ठरलेलं आहे. २००४ च्या सुमारास लेगोनं जुने दोन्ही करडे बंद करून निळसर छटेचे नवे करडे आणले, तपकिरीही तेव्हाच बदलला. छंदिष्ट मंडळी अजून त्याबद्दल कुरकुरतात. म्हणजे सेकंडहँड करडा घेताना जुना की नवा हे विचारायलाच हवं, आणि मी विचारलं होतं, लेखी. विक्रेत्याचं म्हणणं, "साहेब, फोटोत तर एकच दिसतोय." फोटो ट्यूबलाइटखाली काढलेला. परत घेणार नाही, पैसे देणार नाही, फार तर पुढच्या ऑर्डरला टपाल माफ. पुढची ऑर्डर कुठली, डोंबलाची!

आता पिन. माझी एसटी वरून विटांची आणि खालून टेक्निकची आहे. चाकं वळावीत म्हणून स्टिअरिंगचा रॅक, म्हणजे दात्यांची सरकती पट्टी आहे, तो भोकांच्या पट्ट्यांच्या चौकटीत बसवलाय, आणि चौकट बॉडीच्या खालच्या पट्टीला पिनांनी जोडलीय. पिनेची लांबी स्टडांत मोजतात. दोन लांबीची घट्ट पिन काळी असते, ती कुठेही खपून जाते. तीन लांबीची घट्ट पिन निळी. ड्रायव्हरच्या खिडकीखाली अशा दोन पिनांची तोंडं बाहेर दिसतात. लाल भिंतीवर दोन निळे ठिपके. बाकी बस बघा, पिवळा पट्टा बघा, छतावरचं सामानाचं कॅरिअर बघा, मी तासन् तास खपलोय त्यावर. नाही. येणारा प्रत्येक जण तेच विचारतो, "हे निळं काय?" बायको म्हणते कुणालाही दिसत नाही, मीच दाखवतो. असेल.

उपाय करून झाले. काळा परमनंट मार्कर लावला. दोन दिवस बरा दिसला, मग बोट लागून लाल विटेवर काळा फराटा उमटला आणि तो स्पिरिटनं पुसताना पिनेवरचा रंगही गेला. वरून लाल टाइल, म्हणजे बिनस्टडचा चपटा तुकडा, लावून झाकायचं म्हटलं तर पट्टी तेवढी जाड होते आणि चाक कमानीला घासतं. लोक काळी गाडी का बांधतात ते मला या पिनेनं शिकवलं. टायर काळे, सम लांबीचे दांडे साधारण काळे, दोन लांबीची पिन काळी. काळ्या गाडीत निम्मं यंत्र आपोआप लपतं. फक्त पुण्याची धूळ लपत नाही, आणि फोटोत सगळे बारकावे एका काळ्या गोळ्यात बुडतात. काळी-पिवळी टॅक्सी हा त्यातल्या त्यात शहाणा मार्ग: खाली काळं, वर पिवळं, दोन्ही रंग स्वस्त. मुंबईत पद्मिनी टॅक्सीचा ३० ऑक्टोबर २०२३ ला शेवट झाला, तेव्हा मलाही बांधायची हुक्की आली होती. पिवळ्या पातळ तुकड्यांतून मागचा रंग झिरपतो म्हणून थांबलो.

पिनेच्या रंगाबद्दलचं मत बदललं ते परवा दुरुस्तीला बसलो तेव्हा. चाक आडवं झालं कारण वळणाऱ्या सांध्यातली पिन निसटून बसच्या पोटात पडली होती. ही दांडा-पिन, म्हणजे एक टोक पिनेचं आणि एक दांड्याचं. तिच्या दोन जाती असतात. घट्ट बसणारी निळी, आणि मोकळी फिरणारी फिकट मातकट. आकार एक, लांबी एक, फरक फक्त अंगावरच्या बारीक उंचवट्यांचा. वळणाऱ्या जागी घट्ट घातली तर स्टिअरिंग जड होतं. चौकटीत मोकळी घातली तर चौकट लुळी पडते. सगळा सांगाडा सोडवून ताटलीत पिनांचा ढीग केला, वेळ रात्रीची, चष्मा दुसऱ्या खोलीत. मातकट एकीकडे, निळ्या एकीकडे, काळ्या एकीकडे, ढीग तीन मिनिटांत वेगळा झाला. माझ्या मनासारख्या सगळ्या पिना लाल असत्या तर प्रत्येकीवरून नख फिरवत बसलो असतो. पिनेचा रंग बघणाऱ्यासाठी नाही, बांधणाऱ्यासाठी ठेवलेला असतो, आणि ताटलीसमोर बसलेल्या माणसाला तो पटतो. फरशीखाली निळी पिन असावी. खिडकीखाली मात्र ती मला आजही खुपते. तिथली चौकट एका भोकानं आत घेऊन दोन लांबीच्या काळ्या पिनांवर आणलीय. बस जराशी हलकी-डुगडुगती झालीय, पण ठिपके गेले.

उघडल्यामुळे आणखी एक गोष्ट कळली. छताला मी जुन्या डब्यातल्या पांढऱ्या प्लेटा, म्हणजे चपट्या विटा, वापरल्या होत्या. खिडकीकडची बाजू चहा सांडल्यासारखी झालीय, कॅरिअरखाली झाकलेला भाग मात्र पांढराच. लेगो १९६३ पासून एबीएस प्लास्टिकचं आहे आणि त्यातल्या ब्युटाडाइन या घटकाला ऊन मानवत नाही. केमिस्टकडच्या हायड्रोजन पेरॉक्साइडमध्ये बुडवून उन्हात ठेवलं की पिवळेपणा जातो, पण कायमचा जात नाही. एशियाडचा अर्धा भाग पांढरा आहे. ती बांधली असती तर आज पेरॉक्साइडच्या बाटल्या आणत फिरलो असतो. लालवर काहीही दिसत नाही. पण म्हणून गडद लालची शिफारस कुणी करू नका. दिसतो राजबिंडा, पण त्या रंगाचे आणि तपकिरीचे जुने तुकडे ठिसूळ होतात, क्लिप दाबली की तुटून हातात येते.

नवीन बांधणाऱ्यानं रंग ठरवण्याआधी चाकावरची कमान, खिडकीची चौकट आणि ब्रॅकेट एवढ्या तीनच गोष्टींचे भाव बघावेत. तिन्ही एकाच दुकानात मिळाले तर डोळे मिटून तोच रंग घ्यावा. जांभळा निघाला तरी.

ते जुने करडे तुकडे माझ्याकडे तसेच पडून आहेत, चांगले मूठभर. ऐंशी-नव्वदच्या दशकातले सेट पुन्हा जुळवणाऱ्यांना नेमका तोच करडा लागतो. हवे असतील त्यांनी खाली लिहावं. तुकडे फुकट, टपालखर्च तुमचा.