पनामा कालव्याची क्रूझ: परतल्यावर काही महिन्यांनी

खर्चाचा हिशेब लागला, फोटो निवडून झाले, आणि जळगाव-भुसावळ-धुळ्याकडून निघणाऱ्या मंडळींची विचारपूस अजून सुरूच आहे. म्हणून एकदाच सविस्तर लिहितो. एवढ्या लांबलचक सहलीत कालव्याचा दिवस एकच असतो. जहाज त्या दिवसाकडे पाहून निवडा, बाकी सगळे त्यानंतर.

बुकिंग करताना आधी विचारा: फुल ट्रान्झिट, म्हणजे एका महासागरातून दुसऱ्यात, की पार्शल? पार्शलमध्ये जहाज अटलांटिककडून गाटून तलावात चढते, वळते आणि आल्या वाटेने परत उतरते. तिकीट स्वस्त पडते, पण कुलेब्राची खिंड आणि पॅसिफिककडचे पेद्रो मिगेल व मिराफ्लोरेस हे लॉक (पाणी भरून किंवा सोडून जहाज चढवणारे-उतरवणारे कप्पे) हे सगळे हुकते. डोंगर फोडून काढलेली जवळपास १३ किलोमीटरची ती खिंड म्हणजेच खरा कालवा. सगळ्यात जास्त खोदाई आणि दरडी तिथेच झाल्या. इतक्या लांब जाऊन ती न पाहता परतणे आम्हाला तरी पटत नाही.

दुसरा प्रश्न जहाजाच्या रुंदीचा. १९१४ चे जुने लॉक ३३.५ मीटर रुंद आहेत, २०१६ मध्ये सुरू झालेले नवे ५५ मीटर. साधारण ३२.३ मीटरपर्यंत रुंदीचे जहाज जुन्यातून जाते, म्हणजे दोन्ही बाजूंना जेमतेम ६० सेंटीमीटर उरतात. खालच्या डेकवर उभे राहिलात की काँक्रीटची भिंत हाताच्या अंतरावर येते. पाणी भरू लागले की भिंतीवरचा ओला पट्टा मिनिटागणिक आखूड होत जातो, आणि आठ-दहा मिनिटांत समोरचा डोळ्यांवरचा काठ पायाखाली गेलेला असतो. रुळांवरची इंजिने, ज्यांना तिथे ‘म्यूल’ म्हणतात, जहाज ओढतात असा समज आहे. तसे नाही. पुढे जायचे काम जहाजाचे स्वतःचे इंजिन करते; म्यूल दोरखंड ताणून त्याला मधोमध धरतात. नव्या लॉकमध्ये हे काम टगबोटी (जहाज ओढणाऱ्या छोट्या दणकट बोटी) करतात, दरवाजे बाजूला सरकतात आणि मोठ्या जहाजावरून सगळे फार खाली दिसते. आमचे मत स्पष्ट आहे: जुन्या लॉकमधून जाणारे मध्यम आकाराचे जहाज घ्या, त्यावर करमणूक थोडी कमी असली तरी चालेल.

पाण्याचे गणित आपल्या भागातल्या माणसाला लगेच कळते. लॉक भरायला पंप नाहीत. समुद्रसपाटीपासून २६ मीटर उंचीवरच्या गाटून तलावाचे पाणी उताराने येते, आणि एक जहाज पार करायला सुमारे २० कोटी लिटर गोडे पाणी समुद्रात जाते. पनामा सिटी पितेही याच पाण्यावर. गिरणा धरण भरले नाही की पिण्याचे राखून आवर्तने कमी होतात, तसेच तिथे २०२३ च्या अवर्षणात झाले: रोज ३६ च्या आसपास जाणारी जहाजे डिसेंबर २०२३ मध्ये २२ वर आली. नव्या लॉकशेजारी पाणी साठवणारे हौद आहेत, त्यांमुळे ६० टक्के पाणी पुन्हा वापरता येते.

बाल्कनीच्या खोलीचे जादा पैसे आमच्या मते वाया जातात. तिथून एकच बाजू दिसते, आणि शेजारच्या लॉकमधले जहाज कोणत्या बाजूला येईल ते आधी कळत नाही. लॉकच्या तोंडाशी मोठा बाण असतो. तो फिरला की कोणत्या मार्गिकेत जायचे ते समजते. पहाटे पायलट (कालव्यातून जहाज नेणारा वाटाड्या) चढतो तेव्हाच पुढच्या डेकवर जागा धरा. पहिला लॉक झाला की खालच्या डेकवर उतरा, तलावात जेवून घ्या आणि कुलेब्रा यायच्या आत वर या. कालवा सरळ पूर्व-पश्चिम नाही. अटलांटिककडून जाताना जहाजाचे तोंड आग्नेयेला असते, त्यामुळे सकाळी उजवीकडे आणि दुपारनंतर डावीकडे सावली मिळते.

आपल्याकडच्या मे महिन्याची सवय तिथे कामी येत नाही. पारा ३१-३२ वरच असतो, पण घाम वाळत नाही. सुती कपडे आणि क्षारांची पुडी जवळ ठेवा. छत्रीपेक्षा रेनकोट बरा. कोरडा हंगाम साधारण डिसेंबरच्या मध्यापासून एप्रिलपर्यंत. एसी खोलीतून थेट डेकवर नेलेल्या कॅमेऱ्याची काच धुरकटते, म्हणून निघण्याआधी अर्धा तास तो पिशवीतच बाहेर ठेवा. ८×४२ ची दुर्बीण पुरते. घरी आल्यावर ती सिलिका जेलच्या पुड्यांसह बंद डब्यात ठेवली, तर भिंगाला बुरशी धरत नाही. आमची अजून स्वच्छ आहे.

जैन किंवा कांदा-लसूण नसलेले जेवण बुकिंगच्या वेळीच लेखी मागा, चढल्यावर फार उशीर होतो. शेंगदाण्याची चटणी कंपनीच्या सीलबंद पाकिटातली न्या. इलेक्ट्रिक किटली नेऊ नका, आगीच्या भीतीने बहुतेक जहाजांवर ती काढून घेतात. टिप माणशी रोजची लागते, ती बजेटमध्ये धरा.

सगळ्यात जास्त घोळ कागदपत्रांत होतो. अमेरिकेतून निघून तिथेच परतणाऱ्या क्रूझला मल्टिपल एंट्री व्हिसा हवा. पनामा आणि कोलंबिया भारताच्या पीतज्वराच्या यादीत आहेत: तिथून निघाल्यापासून सहा दिवसांच्या आत भारतात उतरणार असाल तर लसीचा दाखला लागतो, नसेल तर विलगीकरणात ठेवतात. लस प्रवासाच्या किमान दहा दिवस आधी अधिकृत केंद्रावरच घ्यावी लागते. मुंबईची फेरी आणि तारीख त्याप्रमाणे धरा. साठीपुढच्यांनी आधी आपल्या डॉक्टरांना विचारावे, कारण त्या वयात या लसीचा धोका वाढतो. दाखला मूळ कागदच जवळ बाळगा, मोबाइलमधल्या फोटोवर भिस्त ठेवू नका.