रुग्णालयाची लॅब की प्रोसेसिंग सेंटर? एमएलटीनंतरची पहिली नोकरी

डीएमएलटी किंवा बीएस्सी एमएलटी (वैद्यकीय प्रयोगशाळा तंत्रज्ञानाची पदविका किंवा पदवी) झालं की साधारण दोन ठिकाणांहून बोलावणं येतं. एक म्हणजे शंभर-दोनशे खाटांच्या रुग्णालयातली लॅब. दुसरं एखाद्या साखळीचं प्रोसेसिंग सेंटर, जिथे चार-पाच जिल्ह्यांतली सॅम्पल संध्याकाळनंतर गाडीने येतात. मी दोन्हीकडे बेंचवर, म्हणजे प्रत्यक्ष तपासणीच्या टेबलावर, काम केलं आहे. अभ्यासक्रम, पॅरावैद्यक परिषदेची नोंदणी वगैरे तुम्हाला ठाऊक आहे असं धरतो. एक मात्र आधीच सांगतो. रिपोर्टवर सही पॅथॉलॉजीतल्या पदव्युत्तर डॉक्टरचीच लागते, हे सर्वोच्च न्यायालयाने डिसेंबर २०१७ मध्ये स्पष्ट केलं. त्यामुळे ‘दोन वर्षं काढू आणि आपल्याच सहीने लॅब चालवू’ असा हिशेब मनात ठेवून निवड करू नका.

प्रोसेसिंग सेंटरची खरी कमाई म्हणजे शिस्त. पहिलं पेशंट सॅम्पल लागण्याआधी दोन लेव्हलचे कंट्रोल (आकडा आधीच माहीत असलेले नमुने) लागलेले असतात आणि लेव्ही-जेनिंग्ज चार्ट, म्हणजे कंट्रोलच्या रोजच्या आकड्यांचा आलेख, समोर असतो. एक कंट्रोल सरासरीपासून तीन एसडीच्या (प्रमाण विचलनाच्या) बाहेर गेला की रन थांबतो, मग कितीही घाई असो. दोन्ही कंट्रोल एकाच बाजूला दोन एसडीपलीकडे सरकले तर आधी कॅलिब्रेशन आणि रिएजंटचा (तपासणीच्या रसायनाचा) लॉट बघायचा. एक वर आणि एक खाली जाऊन चार एसडीचं अंतर पडलं, तर प्रोब (मशीनची सॅम्पल ओढणारी नळी), बुडबुडा किंवा नीट न विरघळलेला कंट्रोल यांकडे वळायचं. हे पुस्तकात वाचलेलं असतं, पण रोज करून अंगवळणी पडतं ते अशा ठिकाणी. आयएसओ १५१८९ या वैद्यकीय लॅबच्या गुणवत्ता मानकाची कागदपत्रं कशी ठेवतात तेही इथेच कळतं. शिवाय एचपीएलसी, फ्लो सायटोमेट्री, पीसीआर ही यंत्रं जिल्ह्याच्या गावातल्या रुग्णालयात सहसा बघायला मिळत नाहीत.

तोट्यांपैकी दोन-तीन चटकन सांगून टाकतो. माल रात्री येतो, म्हणून काम रात्रीचं. नवीन माणसाला बरेचदा बारकोड आणि सॉर्टिंगवर बसवतात, त्यातून बेंचवर कधी घेतील ते विचारल्याशिवाय कळत नाही. बेंच मिळालं तरी एकच. मायक्रोस्कोपीचा हातही तिथे मला कच्चा राहील असं वाटलं. सहा-आठ तास ईडीटीएत (रक्त गोठू न देणाऱ्या रसायनात) पडलेल्या रक्ताच्या स्मिअरवर (काचपट्टीवरच्या पातळ थरावर) मोनोसाइटमध्ये पोकळ्या दिसू लागतात आणि न्यूट्रोफिलचं केंद्रक फुगतं. लघवी दोन तासांपलीकडे बाहेर राहिली की कास्ट (मूत्रपिंडाच्या नलिकांत तयार झालेले साचे) विरघळतात, बॅक्टेरिया वाढतात. ताजं कसं दिसतं हे डोळ्यांत बसलेलं नसेल तर शिळ्यातलं बिघडलेलं ओळखणार कसं?

माझ्यापुरता निर्णय मात्र एकाच गोष्टीने केला. सेंटरवर खराब सॅम्पल आलं की तुमच्या हातात काही उरत नाही.

पोटॅशियम ६.९, म्हणजे धोक्याइतकं जास्त, आलं असं धरा. सीरम गुलाबी आहे, मशीनचा हिमोलिसिस इंडेक्सही (लाल पेशी फुटल्याची खूण) ओरडतोय. तुम्ही सॅम्पल रिजेक्ट करता, कारणाचा कोड टाकता, कलेक्शन सेंटरला निरोप जातो. पेशंट घरी गेलेला असतो. उद्या त्याला पुन्हा बोलावणार, पुन्हा सुई, आणि दरम्यान ते पोटॅशियम खरंच वाढलेलं होतं का हे कुणालाच माहीत नाही. हा झाला सोपा प्रकार, कारण इथे निदान दोष दिसतो.

अवघड प्रकार म्हणजे न फिरवलेला बल्ब (सेंट्रिफ्यूजमध्ये सीरम वेगळं न केलेली रक्ताची नळी) कुणी तरी तसाच फ्रीजमध्ये ठेवून थंड पेटीतून पाठवलेला असतो. थंडीत लाल पेशींचा सोडियम-पोटॅशियम पंप मंदावतो आणि पोटॅशियम बाहेर झिरपतं. पेशी फुटलेल्या नसतात, सीरम स्वच्छ पिवळं असतं, इंडेक्स गप्प. आकडा खरा की खोटा हे बेंचवरून ठरवता येत नाही. साखरेचंही तसंच. प्लेन (रक्त गोठू न देणारं रसायन नसलेल्या) बल्बमध्ये पेशींवर राहिलेलं रक्त खोलीच्या तापमानाला तासाला साधारण ५ ते ७ टक्के ग्लुकोज खातं. दुपारी काढलेलं, रात्री पोचलेलं ४८ चं, म्हणजे फारच कमी, ग्लुकोज कसं वाचायचं? कधी पोटॅशियम मशीनच्या मर्यादेपर्यंत, कॅल्शियम ४ आणि अल्कलाइन फॉस्फेटेज पडलेलं असं एकत्र दिसतं. म्हणजे जांभळ्या टोपीतलं (ईडीटीएचं) रक्त लाल टोपीत (प्लेन बल्बमध्ये) ओतून भरती केलेली आहे. स्क्रीनवर बघून तुम्हाला तिथल्या खोलीत काय घडलं ते नेमकं कळतं, पण ते करणाऱ्या माणसापर्यंत तुम्ही पोचत नाही. पुढच्या आठवड्यात त्याच सेंटरवरून तसाच बल्ब येतो. वर्षभर हे बघत राहणं मला फार जड गेलं. प्रत्येकाला जाईलच असं नाही.

आता तेच ६.९ रुग्णालयात. वॉर्ड एक जिना वर. तुम्ही स्वतः जाता आणि कारण समोरच दिसतं. रक्त बारीक कॅन्युलातून जोर लावून ओढलेलं असतं, किंवा सिरिंजची सुई न काढता दट्ट्या दाबून बल्बमध्ये सोडलेलं असतं. सलाईन चालू असलेला हात सोडून दुसरा हात घ्यायचा. टूर्निकेट (दंडाला बांधलेला पट्टा) मिनिटाच्या आत सोडायचं, पेशंटला मूठ उघड-मीट करायला लावायची नाही, कारण त्यानेही पोटॅशियम चढतं. २१ किंवा २२ गेजची सुई. आधी निळी टोपी खुणेपर्यंत भरायची, मग लाल किंवा पिवळी, मग जांभळी, शेवटी करडी. ईडीटीए आठ-दहा वेळा हलकेच उलटायचा, सायट्रेट (निळी टोपी) तीन-चार वेळा. निळा बल्ब बरेचदा २.७ मिलिलिटर रक्तासाठी असतो. अर्धवट भरला तर सायट्रेट जास्त होऊन पीटी-एपीटीटी (रक्त गोठायला लागणारा वेळ) खोटंच लांबतं. तासाभरात नवा आकडा हातात येतो. ४.३ आला तर एक चुकीचा उपचार टळतो. पुन्हा ६.८ आला तर तुम्ही फोनवर ठामपणे सांगू शकता की सॅम्पल मी काढलंय, आकडा खरा आहे, ईसीजी बघा.

पावसाळ्यात प्लेटलेटचंही हेच. मशीन ३८ हजार सांगतं, स्मिअरच्या शेपटीकडे बघावं तर प्लेटलेटचे गठ्ठेच्या गठ्ठे. अशा वेळी पेशंटकडे जाऊन सायट्रेटमध्ये नवं सॅम्पल घेता येतं आणि आलेल्या आकड्याला १.१ ने गुणून डॉक्टरांना कळवता येतं. जवळ बसून काम करण्याचा हा फायदा कुठल्याही मोठ्या मशीनने भरून निघत नाही, निदान मला तरी तसं आढळलं नाही.

रुग्णालयाची लॅब म्हणजे सुख असं मुळीच नाही. नाइटला बहुतेक ठिकाणी तुम्ही एकटे. रक्तकेंद्र जोडलेलं असेल तर क्रॉसमॅच (रक्त जुळवणं), त्यातच आयसीयूतून एबीजी (धमनीच्या रक्तातल्या वायूंची तपासणी), खिडकीशी नातेवाईक. एबीजी अर्ध्या तासात लावावा लागतो, सिरिंजमधला बुडबुडा लगेच काढावा लागतो आणि द्रव हेपरिन जास्त राहिलं तर पीसीओटू आणि बायकार्बोनेट खोटं कमी येतं. रिएजंट संपेपर्यंत ऑर्डर जात नाही असं बऱ्याच लॅबमध्ये दिसतं. छोट्या ठिकाणी अजून सेमी-ऑटोवर (अर्धस्वयंचलित मशीनवर) काम चालतं. तिथे फ्लो सेलमधला बुडबुडा आणि खराब डीआय (क्षारमुक्त) पाणी तुमचा दिवस खातात. सगळ्यांत गंभीर म्हणजे कंट्रोल आठवड्यातून एकदा, तेही सवडीने. सेंटरवर जे आपोआप शिकायला मिळतं ते इथे स्वतः धरून ठेवावं लागतं. मालक कंट्रोल आणून देत असेल तर वीस दिवसांचे आकडे घेऊन सरासरी आणि एसडी काढा आणि आलेखाच्या कागदावर चार्ट सुरू करा. सॉफ्टवेअर नसलं तरी चालतं.

पगारात सुरुवातीला मला मोठी तफावत दिसली नाही, शहरागणिक ती बदलेल. मॉलिक्युलरमध्येच (पीसीआरसारख्या जनुकीय तपासण्यांत) जायचं पक्कं असेल, किंवा पुढे गुणवत्ता विभागात काम करायचं असेल, तर सेंटर घ्या, त्यात चूक काही नाही. आखातात जायचा विचार असेल तर अनुभवपत्रावर कोणते विभाग लिहून मिळतात ते आधी विचारा. पडताळणीत ते पत्रही बघतात आणि लेखी परीक्षेला हिमॅटॉलॉजीपासून रक्तपेढीपर्यंत सगळं येतं. एकाच बेंचवरच्या माणसाला ती जड जाते. सरकारी ग्रामीण रुग्णालय असेल तर कोणत्या तपासण्या तिथेच होतात ते बघा, कारण बऱ्याचशा महालॅबकडे (सरकारी रुग्णालयांची सॅम्पल तपासणाऱ्या बाहेरच्या लॅबकडे) जातात.

मुलाखतीला कुठेही गेलात तरी आजचा कंट्रोल चार्ट बघायला मागा आणि विभाग किती महिन्यांनी बदलतात ते विचारा. रुग्णालयात आणखी एक वही मागा, रिजेक्ट झालेल्या सॅम्पलची. वहीच नसेल तर खराब सॅम्पलवरच रिपोर्ट जातायत असं समजा. वही असेल तर पुन्हा सॅम्पल कुणी घेतलं त्या नोंदी वाचा. तिथे लॅबमधल्या माणसांची नावं दिसली, तर पगार थोडा कमी असला तरी मी ती नोकरी आधी धरेन.