मोड देऊन घेतलेलं पितळी पातेलं: नऊ महिने वापरल्यावर

माळ्यावर आजीची घागर होती, बुडाशी चिरलेली, आणि एक पिचका पितळी हंडा. गेल्या आषाढात दोन्ही मोडीत काढली. वजन भरलं साडेसहा किलो. दुकानदाराने आधी लोहचुंबक फिरवलं, हंड्याची लोखंडी कडी बरोबर शोधून काढली आणि झाळ-माती म्हणून अर्धा किलो घट धरली. उरलेल्या मोडीला नव्या भांड्याच्या दराच्या निम्म्याहून जरा वर भाव मिळाला. ते पैसे वळते करून दोन किलो तीनशे ग्रॅमचं पातेलं आणि एक कढई घेतली. पदरचे हजाराच्या आतच गेले. चिरलेल्या घागरीला एवढी किंमत येते हे घरात कुणाला खरं वाटेना. त्याच दिवशी पापुद्रे सुटलेला नॉनस्टिक तवा भंगारवाल्याने उपकार केल्यासारखा उचलला होता.

स्वयंपाकाचं म्हणाल तर खूश आहे. जाड बुड, आच सगळीकडे सारखी. तुरीचं वरण मंद गॅसवर तळाला धरत नाही, आणि नऊला केलेली आमटी अकरालाही कोमट असते. जड मात्र आहे. भरलेलं पातेलं सासूबाईंना एकट्याने उतरवता येत नाही, काठ चटके देतो, साधी सांडशी पुरत नाही. इंडक्शनवर अजिबात चालत नाही, हे दुकानात कुणी आपणहून सांगणार नाही. बाहेरून घासायला चिंचेचा चोथा आणि मीठ पुरे.

खरी गोष्ट कल्हईची, म्हणजे भांड्याला आतून दिलेल्या कथलाच्या पातळ थराची.

दुकानातून लावून दिलेली कल्हई पाच महिने टिकली. चूक आमची. कामाच्या बाईंनी तारेची घासणी वापरली आणि आम्ही बघितलं नाही. एका रविवारी कढी केली, वाढायला उशीर झाला, आणि पहिल्याच घासाला जिभेवर तो तुरट, धातूचा वास. कळकली होती, म्हणजे आंबटामुळे पितळ कढीत उतरलं होतं. आतून बघितलं तर बुडाशी रुपयाएवढं पिवळं पितळ उघडं पडलेलं. ताक, चिंच, आमसूल असलं काही उघड्या पितळेत ठेवायचं नाही, हे आजीला शिकवावं लागलं नव्हतं. मला ती कढी ओतून द्यावी लागली.

मग सोसायटीच्या दारात आलेल्या एकाकडून स्वस्तात कल्हई करून घेतली. तीन आठवड्यांत काळपट पडली, बोट फिरवलं तर बोट काळं. कथलाच्या नावाखाली सोल्डर, म्हणजे तारा जोडायचा डाख, वापरलं जातं आणि जुन्या पद्धतीच्या सोल्डरमध्ये विषारी शिसं असतं. माझ्या भांड्यात काय होतं ते डोळ्यांनी ओळखता येत नाही, पण शंका आल्यावर त्यात वरण शिजवायची छाती झाली नाही. पैसे पाण्यात.

तिसऱ्या वेळी पुण्यात तांबट आळीपाशी गेलो आणि समोर बसून करून घेतली. भांडं आधी घासून लख्ख केलं, मग भट्टीवर धरलं. तापल्यावर नवसागराची चिमूट टाकली, भप्पकन पांढरा धूर उठला, नाकात झणका गेला. मग कथलाची कांडी बुडाला नुसती टेकवली. कथील २३२ अंशांना वितळतं, त्यामुळे ते लगेच पाण्यासारखं पसरलं, आणि कापसाच्या बोळ्याने गरगर फिरवताच पिवळं पातेलं आतून चांदीचं झालं. दोन मिनिटांचं काम. पण याच २३२ मुळे रिकामं पातेलं गॅसवर विसरलात तर कल्हई गेलीच, आणि तळण या भांड्यात करूच नये. कढई घ्यायला नको होती, हे मला आता कळतंय.

‘पितळ कायमचं, पुन्हा पुन्हा वापरता येतं’ असं हल्ली कौतुकाने लिहितात. बरंचसं खरं आहे. पितळ म्हणजे तांबं आणि जस्त. मध्य प्रदेशात बालाघाटच्या मलाजखंडच्या खाणीत शंभर किलो दगड फोडावा तेव्हा किलोभर तांबं हाती लागतं. आजीच्या घागरीत ते आयतं होतं. पण पितळ वितळवायला जी आच लागते ती जस्ताच्या उत्कलनबिंदूच्या, म्हणजे ९०७ अंशांच्या, आसपासच असते. त्यातलं थोडं जस्त धूर होऊन उडतं आणि प्रत्येक खेपेला वरून नवं घालावं लागतं. आणि कथील तर परत येतच नाही. दर घासणीला त्याचा कण मोरीतून जातो. जगातलं जवळपास निम्मं कथील इलेक्ट्रॉनिक्सच्या वगैरे सोल्डरमध्ये जातं. आपल्या देशात ते बस्तरकडे थोडंसं निघतं, बाकी बाहेरून येतं. म्हणजे माझं पातेलं मोडीत कधीही विकलं जाईल, पण त्याच्या आतला पांढरा थर मी वर्षाला दोनदा नव्याने खाणीतूनच आणवतो आहे. थर काही ग्रॅमचाच, हे मान्य.

तरी घ्यावं का? तुमच्या गावात खात्रीचा कल्हईवाला असेल तर जरूर घ्या, नुसती हौस असेल तर स्टीलचं घ्या. तारेची घासणी घरातून हद्दपार करा, लाकडी उलथणं आणा, आंबट पदार्थ शिजला की लगेच दुसऱ्या भांड्यात काढा.

पुढची कल्हई आषाढात. या खेपेला कथलाची कांडी मीच विकत आणून मसाल्याच्या डब्यामागे ठेवली आहे.