परमेथ्रिनचा गणवेश : कापड एकच, अंगं वेगळी

कारखान्यातच परमेथ्रिन हे कीटकनाशक मुरवलेला अमेरिकी लष्कराचा गणवेश डास आणि गोचिडीपुरता पाहिला तर चोख माल आहे. गोचीड बाहीवर चढते, चटका बसल्यासारखी पाय झाडते आणि गळून पडते. औषध दर चौरस सेंटिमीटरला ०.१२५ मिलिग्रॅम, टिकाऊपणाचा हिशोब ५० धुण्यांचा.

गोची आहे ती मापात. हे प्रमाण कापडाचं, घालणाऱ्याचं नव्हे. समजा ६० किलोच्या शिपायाला ३ चौरस मीटर कापड लागलं, तर अंगावर ३.७५ ग्रॅम औषध, म्हणजे किलोमागे ६२ मिलिग्रॅमच्या आसपास. ९५ किलोच्या जवानाला ४ चौरस मीटर धरा : औषध ५ ग्रॅम, पण किलोमागे ५३च. यातलं कातडीतून आत जातं ते अगदी थोडं, तरी लहान अंगाचा वाटा वजनाच्या मानाने जास्त हे ध्यानात ठेवायचं. शिवाय परमेथ्रिन चरबीत विरघळणारं, म्हणून अंगात चरबी किती हेही बघायला हवं. बीएमआयला (उंचीच्या मानाने वजनाचा आकडा) चरबी आणि स्नायू यांतला फरक कळत नाही, म्हणून औषध अंगात किती गेलं याच्या तपासणीत नुसत्या बीएमआयवर विसंबणं आळशीपणाचं.

लघवीच्या चाचणीत तर हमखास घोळ होतो. मोजतात परमेथ्रिन शरीरात मोडून उरलेले अवशेष, ३-पीबीए आणि डीसीसीए, आणि लघवी पातळ की दाट याचा फरक सावरायला आकडा क्रिएटिनिन या लघवीतल्या टाकाऊ पदार्थाने भागतात. क्रिएटिनिन येतं स्नायूंतून. पिळदार माणसाचा भाजक मोठा, म्हणून त्याचा आकडा उगाच कमी दिसतो. भागलेला आणि न भागलेला असे दोन्ही आकडे मागून घ्यावेत. ३-पीबीए फवारलेल्या भाजीपाल्यातूनही येतं, तेव्हा गणवेश घालण्याआधीचा एक नमुना हवाच.

वापरताना : आतला बनियन बिनऔषधी असतो, तो घालायचाच. कडक उन्हात घामेजलेलं कापड कातडीला चिकटलं की औषध जास्त आत जातं. लेबलवर परमेथ्रिन लिहिलं असेल तर वरून फवारा मारू नका. ड्रायक्लीनिंग तर नकोच, औषध त्यातच निघून जातं. हात, मान, चेहऱ्याला डीट किंवा पिकारिडिन हे कातडीवर चालणारं कीटकरोधक लावा, परमेथ्रिन कातडीवर लावायचं नसतं. गरोदर सैनिकांचा गणवेश मात्र बिनऔषधी मिळतो, तोच घ्यावा.