फेसाळ चहाचा नाद: बॅटरीवरच्या फ्रॉदरचे आठ महिने

राखीपौर्णिमेला लेक पुण्याहून आली आणि मला कॉलेज रोडवरच्या एका कॅफेत घेऊन गेली. समोर आला चहा लाटे. खाली गोड कडक चहा, वर दोन बोटं दुधाचा फेस, त्यावर दालचिनीची पूड. दोघींचं बिल चारशेच्या वर. चहा आवडला, खोटं कशाला बोलू. पण इंदिरानगरला घरी येईपर्यंत रिक्षात माझ्या डोक्यात एकच हिशोब चालू होता: एवढ्या पैशात निम्मी तर हवाच प्यायलो की! त्याच रात्री दुधाला फेस आणणारा, बॅटरीवर चालणारा हातातला फ्रॉदर मागवला. तीनशेच्या आतला. लांब दांडी, टोकाला स्टीलच्या स्प्रिंगचं कडं, मुठीत दोन पेन्सिल सेल. सासूबाईंनी खोकं बघून विचारलं, "लाटे? मग पोळपाट काढू का?"

पहिला महिना नुसता फजितीचा. मी काय केलं, तर आपला नेहमीचा चहा केला. पाणी, साखर, आलं, चहा पावडर, दूध, सगळं एका पातेल्यात खदखदवलं, गाळलं आणि कपात फ्रॉदर घातला. वर चार मोठे बुडबुडे आले, कप ओठाला लावेपर्यंत फुटून गेले. उरला तो रोजचाच चहा, तोही गार झालेला. त्यात बटण आधी दाबलं आणि दांडी नंतर बुडवली, त्यामुळे एकदा ओट्यावरची फरशी, मिक्सर आणि सासूबाईंचा पदर, तिघांनाही चहा मिळाला. आधी बुडवायचं, मग सुरू करायचं. आणि बाहेर काढण्याआधी बंद करायचं. खोक्यावर हे लिहिलेलं असतं, पण खोकं वाचतो कोण?

खरा घोळ मशीनचा नव्हता, माझ्या सवयीचा होता. लाटे करायचा तर चहा आणि दूध शेवटपर्यंत वेगळं ठेवावं लागतं, आणि आपला हात नेमका तिथेच अडतो. दूध घालून दोन उकळ्या आल्याशिवाय चहा झाला असं आपल्याला वाटतच नाही. फेस धरतात ती दुधातली प्रथिनं. बुडबुड्याभोवती ती पातळ पापुद्रा करतात, म्हणून बुडबुडा टिकतो. साठ-पासष्ट अंशांच्या आसपास हा फेस दाट आणि मऊ येतो; उकळत्या दुधात धरला तर भसकन बसतो. माझ्याकडे थर्मामीटर नाही. पातेल्याच्या कडेने मोहरीएवढे बुडबुडे दिसायला लागले आणि वाफ निघाली, की गॅस बंद. सकाळी तापवून ठेवलेलं दूध पुन्हा गरम केलं तरी चालतं, फक्त साय आधी काढायची. नाहीतर ती स्प्रिंगला ओल्या चिंधीसारखी गुंडाळते आणि मोटर रडायला लागते.

दुधाचं म्हणाल तर आमच्याकडे वर्षानुवर्षं गवळ्याचं म्हशीचं दूध. चवीला त्याच्यासारखं दुसरं नाही, पण फेसाला जड. थर बसतो तो बोटभर, सायीसारखा घट्ट, चमच्याने खावा असा. पिशवीतलं टोन्ड दूध (3 टक्के स्निग्धांश, पिशवीवरच छापलेलं असतं) घेतलं तर फेस दुप्पट उंच, पण जरा कोरडा आणि तोंडात भरत नाही. दोन महिने उलटसुलट करून मी अर्धं-अर्धं यावर आले. दूध एकतर चांगलं गरम हवं नाहीतर फ्रीजमधलं गारेगार. ओट्यावर तासभर राहून कोमटलेलं दूध सगळ्यात वाईट, कारण त्यातली चरबी धड घट्ट नसते धड वितळलेली नसते आणि ती फेस मोडते. आणि शिळं, वास बदलायला लागलेलं दूध कितीही घुसळा, फेस धरत नाही. आता तर मला दूध नासायच्या बेतात आहे हे फ्रॉदरच आधी सांगतो.

माझं आजचं माप असं. एका मोठ्या मगासाठी अर्धा कप पाणी, त्यात पावणेदोन चमचे दाणेदार चहा पावडर, दोन चमचे साखर, किसलेलं आलं, अंगणातल्या कुंडीतली गवती चहाची दोन पाती. मंद गॅसवर चार मिनिटं. हा कोरा चहा नुसता प्यायला तर तोंड वाकडं व्हावं इतका कडक हवा, कारण वर पाऊण कप दूध पडणार आहे. आलं याच पाण्यात उकळून घ्यायचं. कच्चं आलं गरम दुधात पडलं की दूध फाटू शकतं, उकळल्यावर आल्यातला तो गुण मरतो. दूध वेगळ्या उंच गडूत. पसरट पातेल्यात फेस येत नाही, नुसतं शिंपण होतं. दांडी आधी वरच्या वर तिरकी धरायची, हवा आत जाते. फेस चढला की तळाशी न्यायची, मोठे बुडबुडे बारीक होतात. वीस-पंचवीस सेकंद बास. मग गडू ओट्यावर दोनदा आपटायचा आणि मगातल्या चहावर सावकाश ओतायचं. फेस चमच्याने अडवून ठेवायचा आणि शेवटी वर सोडायचा.

गूळ घालून एकदा पस्तावले. सरळ गरम दुधात किसून टाकला आणि दुधाचे डोळ्यांदेखत गोळे झाले. आता गूळ कोऱ्या चहात विरघळवते आणि तो जरा निवल्यावरच दूध ओतते. बहुतेक वेळा जमतं. चिकीचा गूळ मात्र मी या भानगडीत आणत नाही. सगळ्यात गोड, सगळ्यात कॅफेसारखा लागतो तो डब्यातलं कंडेन्स्ड मिल्क घातलेला: साखर बंद, कोऱ्या चहात एक मोठा चमचा. रोज पिऊ नये इतका चांगला.

लेकीने दिवाळीत अर्ल ग्रे चहा आणला. त्याला बर्गमॉट नावाच्या लिंबाच्या जातीच्या फळाच्या सालीचं तेल लावलेलं असतं. व्हॅनिला आणि फेसाळ दूध घालून त्याचा लंडन फॉग करतात, आणि नाव लंडनचं असलं तरी पेय कॅनडातल्या व्हँकुव्हरचं. हा चहा उकळायचा नाही, झाकून ठेवायचा. मी सवयीने उकळला आणि सुगंध सगळा एक्झॉस्टमधून शेजाऱ्यांकडे गेला. माचाची, म्हणजे जपानी हिरव्या चहाच्या भुकटीची, पुडीही तिनेच आणली होती. ती भुकटी गाळायची नसते, पाण्यात घुसळून अख्खी प्यायची, आणि गुठळ्या मोडायला फ्रॉदर अगदी फक्कड. जपानात त्याला बांबूची खास कुंचली असते. सासूबाईंनी एक घोट घेतला आणि "पावसाळ्यातल्या गवताचा वास येतोय" म्हणून कप परत केला.

कोजागरीला मसाला दुधावर प्रयोग केला. चूक एवढीच झाली, की चारोळी आणि बदामाचे काप आधी घातले. स्प्रिंगने ते गच्चीभर उडवले. फेस आधी, सुकामेवा नंतर.

आता तक्रारी. डिसेंबरात मूठ आतून गंजली. सेलच्या झाकणाला रबर नव्हतं आणि मी नळाखाली धुतला होता. एक सेलही पाझरला होता. विकणाऱ्याला फोटो पाठवले; उत्तर आलं नाही, अजून आलेलं नाही. रोज दोन मग धरले तर सेलची जोडी मला पाच-सहा आठवडे पुरत होती, म्हणजे स्वस्त यंत्र नंतर हळूहळू खर्चात पाडतं. जानेवारीत चार्जिंगचा घेतला, दुपटीहून महाग. मोटर दमदार, म्हशीच्या दुधात अडत नाही, फक्त सर्वांत वरचा वेग निव्वळ शिंतोडे उडवण्यासाठी दिलाय असं माझं मत. धुवायचं एकाच पद्धतीने: वापरल्याबरोबर ग्लासभर गरम पाण्यात बुडवून पाच सेकंद फिरवायचा. रात्रभर तसाच राहिला तर दांडी आणि स्प्रिंगच्या जोडात दूध सुकतं, सकाळी वास येतो आणि साखरेच्या दुधाला मुंग्या लागतात त्या वेगळ्याच.

मधला महिनाभर, जुना मेला आणि नवा यायचा होता तेव्हा, सासूबाईंनी भांडी बाजारातून आणलेली जुनी वीतभर लाकडी रवी काढली. उंच गडूत गरम दूध, दोन्ही तळव्यांमध्ये रवी, दीड-दोन मिनिटं. फेस आला. बुडबुडे थोडे मोठे, पण चांगला टिकला. मी बघतच राहिले. "अगं, लोणी काढणाऱ्या हाताला फेसाचं काय कौतुक," त्या म्हणाल्या. माझे हात मात्र मिनिटाभरात भरून आले, म्हणून मशीनची ऑर्डर रद्द केली नाही.

थंडीत आणखी एक शिकले. पारा दहाच्या खाली गेला की जाड मग इतका गार असतो की फेस ओतल्या ओतल्या मलूल पडतो. मग आधी गरम पाण्याने विसळून घ्यायचा.

आता चैत्रातलं ऊन सुरू झालंय आणि आमच्याकडे लाटे गार झालाय. कडक गोड कोरा चहा करून बाटलीत फ्रीजला ठेवते. दुपारी ग्लासात बर्फ, त्यावर चहा, आणि वर फ्रीजमधलं गार टोन्ड दूध फेसून. गार दुधाचा फेस गरमापेक्षा उंच येतो आणि ताठ उभा राहतो. सासूबाई दुपारच्या झोपेतून उठल्या की हाक येते, "झाला का तुझा तो पोळपाटाचा चहा?" त्यांच्यासाठी वरून वेलदोड्याची पूड, दालचिनी त्यांना चालत नाही.