व्हॉल्व्ह रेडिओची दुरुस्ती: लक्ष्मीपुरीतलं एक छोटं दुकान

जुन्या हॉलिवूडचा नट हंफ्री बोगार्ट, त्याचा आवाज व्हॉल्व्हच्या (काचेच्या नळ्यांच्या) जुन्या रेडिओतूनच ऐकायचा, हा नाद खुळाच. पण तो पुरवणारं दुकान कोल्हापुरात आहे. काम चोख, वेळेची बोंब. दोन आठवडे सांगितले की महिना धरा.

इथे दोष शोधण्याआधीच व्हॉल्व्ह बदलत नाहीत, ही मोठी जमेची बाजू. सतत घूं आवाज येत असेल तर दोष बहुधा फिल्टर कंडेन्सरचा, म्हणजे वीजपुरवठ्यातली घरघर गाळणाऱ्या भागाचा. ईझेड८० रेक्टिफायर (एसीचं डीसी करणारा व्हॉल्व्ह) असेल तर ४७ मायक्रोफॅरड, ४५० व्होल्टचा टाकतात. ५० मायक्रोफॅरडच्या वर गेलं की रेक्टिफायर मरू शकतो. आवाज फाटत असेल तर ईएल८४ या आवाज वाढवणाऱ्या व्हॉल्व्हच्या ग्रिडवर (सिग्नल आत जातो त्या जाळीवर) मीटर लावून बघतात. तिथे शून्याऐवजी दोन-चार व्होल्ट दिसले की कपलिंग कंडेन्सर (आधीच्या टप्प्यातून फक्त सिग्नल पुढे सोडणारा) गळतोय. तो तसाच ठेवला तर व्हॉल्व्ह तापून जातो.

मोबाइल जोडायला मागच्या पिकअप (ग्रामोफोन जोडायच्या) सॉकेटला वायर काढून देतात, डावी-उजवी बाजू एकेक किलोओहमच्या रेझिस्टरने एकत्र करून. मात्र यूसीएच८१ सारखे ‘यू’वाले व्हॉल्व्ह असलेल्या सेटला साफ नकार. त्याच्या चासीला (धातूच्या सांगाड्याला) थेट मेनचा करंट असतो, त्यामुळे नकार योग्यच.

कॅबिनेटचं पॉलिश मात्र इथे करू नका, फार चकचकीत करतात.

घरी आणल्यावर १९४३ चा ‘कासाब्लांका’ सिनेमाचा अर्ध्या तासाचा रेडिओ प्रयोग लावा, सिनेमातले बोगार्ट, इन्ग्रिड बर्गमन दोघंही आहेत. ट्रेबल अर्ध्यावर ठेवा, खरखर दबते.