व्हिडिओ पाहून पत्त्यांची आणि नाण्यांची हातचलाखी: हिवाळा आणि उन्हाळाभराच्या वापरानंतर

दिवाळीनंतर मी हातचलाखीचा एक सशुल्क व्हिडिओ अभ्यासक्रम घेतला आणि मृग लागेपर्यंत तो जवळजवळ रोज वापरला. त्यात रंगमंचावरची जादू नाही. समोर हातभर अंतरावर बसलेल्या माणसाला पत्ते आणि नाणी वापरून दाखवायच्या करामती तेवढ्या आहेत. अभ्यासक्रम इंग्रजीत असून शिक्षक परदेशी आहेत. विकणाऱ्या कंपनीचे नाव मी देत नाही, कारण पुढे सांगितलेल्या उणिवा मला या विषयावरच्या बहुतेक मोफत व्हिडिओंतही आढळल्या.

बोटांची ठेवण शिकवण्याच्या बाबतीत व्हिडिओला तोड नाही, हे आधी मान्य करतो. 'डबल लिफ्ट' म्हणजे दोन पत्ते एकच असल्यासारखे उचलणे. पुस्तकात यावर पानभर मजकूर वाचूनही करंगळीचे नेमके काम लक्षात येत नाही. येथे मात्र कॅमेरा थेट शिक्षकाच्या डाव्या हातावर नेला आहे. अंगठा वरचे दोन पत्ते किंचित सरकवतो, ते परत मागे येताना करंगळीचे मांस त्यांच्याखाली शिरते आणि केसभर फट तयार होते. हा प्रकार पाव वेगाने पाहता येतो, पुन्हा पुन्हा पाहता येतो, आणि शिक्षक कंटाळत नाही. हिवाळा संपेपर्यंत माझे हे उचलणे स्वच्छ झाले. निवडलेला पत्ता कॅटच्या मध्ये घातला तरी पुन्हा वर येतो, ती प्रसिद्ध करामतही त्याच्याच जोरावर बसली. कोणतीही करामत तीनदा पाहिली की तिचे मर्म ओळखतो, असा प्रसिद्ध अमेरिकी जादूगार होउदिनीचा दावा होता आणि डाय व्हर्नन या पत्त्यांच्या जादूगाराने 1922 साली शिकागोत याच जातीच्या करामतीने त्याला चकवले, असे जादूगारांत सांगितले जाते. अभ्यासक्रमातला सर्वांत विचारपूर्वक केलेला धडा हाच आहे. पत्ता वर आणण्याची युक्ती दर वेळी का बदलायची आणि कोणत्या टप्प्यावर थांबायचे, हे त्यात नीट उलगडून सांगितले आहे.

खरी अडचण कॅमेरा जिथे ठेवला आहे तिथूनच सुरू होते. प्रत्येक धड्यात कॅमेरा प्रेक्षकाच्या जागी, टेबलाच्या बरोबर समोर आहे, किंवा शिक्षकाच्या खांद्यावरून खाली पाहतो. उजव्या बाजूला बसलेल्या माणसाला काय दिसते, हे संपूर्ण अभ्यासक्रमात एकदाही दाखवलेले नाही. आमच्याकडे नागपूरला अशा करामती टेबलाशी बसून कोण पाहतो? सकाळी तर्री-पोह्यांच्या ठेल्यावर प्लेट हातात घेतलेली मंडळी अर्धवर्तुळ करून उभी असतात आणि त्यांच्यातला एक जण हमखास मागे येऊन खांद्यावरून डोकावतो. व्हिडिओत निर्दोष दिसणारे, तळहातात नाणे लपवण्याचे निम्मे प्रकार त्या मागच्या माणसासमोर उघडे पडतात. कोणते प्रकार चौफेर चालतात आणि कोणत्या वेळी पाठ भिंतीला लावून उभे राहावे, हे मी शेवटी घरच्यांना खोलीत चार ठिकाणी बसवून ठरवले. ही माहिती प्रत्येक धड्याला एका वाक्यात जोडता आली असती.

नाणे नाहीसे करण्याच्या धड्यात तर शिकवण्याची उणीव अधिक जाणवते. उजव्या बोटांच्या टोकांवर धरलेले नाणे डाव्या मुठीत दिल्यासारखे करायचे आणि प्रत्यक्षात उजव्या हातातच ठेवायचे, हा त्यातला गाभा. मूठ मिटेपर्यंत नाण्याची चकाकी दिसत राहिली, की ते मुठीत गेले असे पाहणाऱ्याच्या मनावर ठसते. शिक्षक बोटांचे सगळे सांगतात. नजरेचे मात्र 'डाव्या हाताकडे पाहा' एवढ्यावर उरकतात. नजर डाव्या मुठीकडे नाणे पोहोचण्याच्या किंचित आधी वळावी लागते, रिकामी मूठ जड वाटावी लागते, आणि उजव्या हाताला लगेच काही साधे काम द्यावे लागते, जसे खिशातले पेन काढणे. ते काम नसेल तर तो हात ताठ लटकतो आणि आठ वर्षांची भाचीही म्हणते, "मामा, तो दुसरा हात उघडा न!" आरशासमोर सराव करावा असा शिक्षकांचा सल्ला आहे, पण आरशात स्वतःकडे पाहताना नेमक्या चलाखीच्या क्षणी डोळे मिटण्याची खोड अनेक शिकाऊंना लागते, हे ते सांगत नाहीत. मोबाईलवर स्वतःचे चित्रण करणे त्यापेक्षा बरे.

साहित्याची बाजू परदेशी गृहीतकांवर उभी आहे. नाण्यांचा सगळा भाग अमेरिकी अर्ध्या डॉलरवर बेतलेला आहे, आणि ते नाणे 30.6 मिलिमीटर रुंद व 11.34 ग्रॅम वजनाचे असते. आपले दहाचे नाणे 27 मिलिमीटरचे आणि पावणेआठ ग्रॅमच्याही आतले. मोठ्या पंजात ते अंगठ्याच्या उंचवट्याखाली नीट अडकत नाही आणि निसटते. त्या मापाच्या सर्वांत जवळचे नाणे आमच्या देवघरातच निघाले. राणी छाप चांदीचा रुपया एक तोळ्याचा, म्हणजे 11.66 ग्रॅमचा असतो, रुंदीलाही जवळजवळ तितकाच, आणि त्याची दातेरी कड तळव्याला छान धरते. लक्ष्मीपूजनाचा रुपया खेळायला द्यायला आई राजी नव्हती, त्यामुळे इतवारीच्या सराफ्यातून झिजलेला एक घेतला. चांदीच्या भावामुळे तो स्वस्त पडत नाही, पण नाण्यांचा भाग मनापासून शिकायचा असेल तर दुसरा चांगला पर्याय मला सापडला नाही.

पत्त्यांचे तसेच. पूर्ण प्लॅस्टिकचे पत्ते टिकाऊ असले तरी पंख्यासारखे पसरताना गठ्ठ्याने सरकतात. पृष्ठभागावर बारीक खळगे उठवलेला कागदी कॅटच हवा, आणि 'बायसिकल' या अमेरिकी छापाचा साधा कॅट त्यासाठी पुरेसा आहे. मात्र नागपूरच्या उन्हाळ्यात तो कॅट फार सांभाळावा लागतो. एप्रिल-मेमध्ये कूलरशिवाय खोलीत बसवत नाही, आणि कूलरच्या ओल्या हवेत कागदी पत्ते फुगतात, वाकतात, पिसताना एकमेकांना चिकटतात. मी कॅट खोक्यात घालून कपाटात ठेवतो आणि सराव सकाळी कूलर लावण्यापूर्वी उरकतो. हिवाळ्यात उलट त्रास होतो. कोरड्या तळहातात नाणे धरत नाही, तेव्हा हाताला अगदी थोडे क्रीम लावावे.

करामतीबरोबर बोलायच्या गोष्टी इंग्रजी विनोदांवर आधारलेल्या असल्यामुळे मी त्या सोडून दिल्या. आपल्या माणसांसमोर निमूटपणे केलेली करामतही चालते, फक्त "पुन्हा दाखव" या आग्रहाला बळी पडू नये.

अॅप अधूनमधून अडखळते, पण डाउनलोड केलेले धडे वीज गेल्यावरही चालतात. पत्त्यांच्या भागासाठी मी पैसे पुन्हा देईन, नाण्यांच्या भागासाठी नाही. असा कोणताही अभ्यासक्रम घेण्यापूर्वी एक नमुना धडा बहुधा मोफत पाहता येतो. तो पाहताना शिक्षकाच्या आजूबाजूला खरी माणसे बसली आहेत का, आणि त्यांच्या बाजूने एकदा तरी चित्रण केले आहे का, एवढे तपासावे. काळे कापड आणि दोन हात एवढेच दिसत असेल, तर निदान नाण्यांसाठी तरी तो घेऊ नये.